दोन वर्षांची लेक, साडेतीन लाख आणि डिसेंबरातला युरोप : जमेल का?

पिंपळपान (२ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात, मी, नवरा आणि आमची चिऊ. चिऊ २८ डिसेंबरला दोन वर्षांची होईल. युरोप युरोप लग्नाआधीपासून चाललंय, आधी कोविड आला, मग फ्लॅटचा हप्ता, मग चिऊ. नवऱ्याच्या ऑफिसला २० डिसेंबर ते ३ जानेवारी शटडाऊन असतो, रजा खर्ची पडत नाही, म्हणून तेव्हाच जायचं घाटतंय. बजेट सगळं मिळून साडेतीन लाख. वर एक रुपया नाही, कारण वर खरंच नाहीये.

ढोबळ प्लॅन: पॅरिस २ रात्री, ॲम्स्टरडॅम २, स्वित्झर्लंड ३, प्राग २, व्हिएन्ना २, बुडापेस्ट २.

थंडी झेपेल का तिला? खायला काय द्यायचं? बाबागाडी न्यावी का कडेवरच घ्यावं? आणि या पैशात बसेल का? सासूबाईंचं मत "लेकराचे हाल करण्यापेक्षा महाबळेश्वरला जा" असं आहे, ते विचारात घेऊन झालेलं आहे.

बाराभानगडी

१३ रात्रीत ६ मुक्काम. ताई, ही ट्रिप आहे का निवडणूक दौरा?

ठाणे_लोकल

हलकेच घ्या पण सासूबाई बरोबर आहेत.

गवती_चहा

आम्ही पोरगा २२ महिन्यांचा असताना फेब्रुवारीत गेलो होतो, ४ शहरं ११ दिवस, आणि मला आजही आठवतात ते फक्त चेक-आउट. दर तिसऱ्या दिवशी सकाळी बॅगा, ओले कपडे पिशवीत, दूध गरम करून थर्मासमध्ये, पोरगा नेमका तेव्हाच शी करणार, मग स्टेशन, मग लिफ्ट शोधा, मग दुसऱ्या शहरात ३ वाजेपर्यंत खोली मिळणार नाही म्हणून बॅगा कुठेतरी ठेवून थंडीत भटका. शहर बदलायचा दिवस आख्खा गेला असं धरा. तुमच्या प्लॅनमध्ये असे ५ दिवस आहेत. पैसे पण तिथेच जातात, राहण्यात नाही. दोन शहरं करा, फार तर.

आणि जेट लॅगचं कोणी सांगत नाही ते सांगते. हिवाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. म्हणजे तुमची लेक घरी सकाळी ७ ला उठत असेल तर तिथे पहाटे अडीचला टुणकन उठून बसणार आणि खेळायचंय म्हणणार. आमच्याकडे ३ रात्री हेच. हॉटेलच्या एका खोलीत अंधारात कुजबुजत ब्लॉक्स खेळलोय. म्हणून स्वयंपाकघरवालं अपार्टमेंट घ्या, वेगळी खोली असेल तर देवच पावला.

फिरता_पंखा

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमची पण याच वयाची आहे.

कडूलिंब

मला प्रामाणिकपणे कळत नाही की दोन वर्षांच्या मुलाला युरोप दाखवायचा अट्टाहास कशासाठी. तिला काही आठवणार नाही. फोटो तुम्हाला हवेत, गारठणार ती. ५ वर्षं थांबा, ती स्वतः चालेल, बोलेल, आयफेल टॉवर बघून आ वासेल.

सांजवात

@कडूलिंब, तिला तर तिचं बारसं पण आठवत नाही. केलंच ना?

कडूलिंब

बारशाला व्हिसा लागत नाही.

रिंगरस्ता_व्हिएन्ना

मी ९ वर्षं व्हिएन्नात आहे, दोन मुलं इथेच वाढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

थंडी. डिसेंबरात इथे साधारण शून्य ते ५ अंश असतं, बर्फ दर वेळी मिळेलच असं नाही, वारा मात्र मिळतोच. इथल्या पाळणाघरात मुलांना या हवेत पण बाहेर काढतात. आपल्याकडची चूक म्हणजे एकच जाडजूड जॅकेट. आत थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारा एकपीस स्नोसूट. आत शिरलात की वरचा काढायचा, कारण दुकानं, ट्राम, म्युझियम सगळी तापवलेली असतात आणि मूल आत घामेजून बाहेर गेलं की मग आजारी पडतं. बाबागाडी आणाच, कडेवरचा विचार सोडा. गाडीत पाय घालायची लोकरी पिशवी मिळते, फुटमफ. ती असली की मूल गाढ झोपतं आणि तुम्ही मोकळे. नवीन महाग आहे, इथे विलहाबेन नावाच्या साइटवर लोक वापरलेले विकतात.

खरा प्रश्न थंडीचा नाही, उजेडाचा आहे. चारच्या सुमारास सूर्य मावळतो. मूल १ ला झोपून ३ ला उठलं तर तुम्ही बाहेर पडेपर्यंत अंधार. म्हणजे सकाळी ९ ते १ हा तुमचा दिवस. संध्याकाळी ख्रिसमस मार्केट, ती अंधारातच छान दिसतात.

स्वस्त काय: शहराच्या ट्राम-मेट्रोत ६ वर्षांखालची मुलं फुकट. सरकारी म्युझियममध्ये १९ वर्षांखाली सगळे फुकट. शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय, १७५२ सालचं, जगातलं सगळ्यात जुनं, तिथेही ६ खालच्यांना तिकीट नाही. मोठ्यांचं मात्र खिसा कापणारं आहे. नळाचं पाणी बिनधास्त प्या, आल्प्सच्या झऱ्यांचं येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

दोन इशारे. रविवारी सुपरमार्केट बंद. दूध-डायपर शनिवारीच भरा, नाहीतर हाउप्टबानहोफला, म्हणजे मुख्य स्टेशनला जावं लागेल, स्टेशनातली दुकानं उघडी असतात. आणि ५ डिसेंबरच्या आसपास क्राम्पुसच्या मिरवणुका असतात, शिंगंवाले केसाळ राक्षस साखळ्या वाजवत फिरतात. माझ्या थोरल्याने त्यानंतर महिनाभर दाराची बेल वाजली की रडारड केली होती.

बाराभानगडी

क्राम्पुस म्हणजे आपला बागुलबुवाच की, फक्त यांनी त्याला परमिट दिलंय.

खिडकीतली_सीट

मी वेगळंच सांगते. थंडी नकोच असेल तर दक्षिण स्पेन करा. मालागा आणि सेव्हिया. डिसेंबर-जानेवारीत दुपारी १६-१७ अंश, म्हणजे पुण्याची सकाळ, आणि उजेड ६ पर्यंत. मुलीला साधा स्वेटर पुरतो, गरम कपड्यांचा खर्चच वाचला. ५ जानेवारीला संध्याकाळी तिथे तीन राजांची मिरवणूक असते, रथावरून मुठीमुठीने गोळ्या फेकतात.

रिंगरस्ता_व्हिएन्ना

@खिडकीतली_सीट सहमत, पण एक पाचर. तिकडच्या बऱ्याच जुन्या घरांत हीटिंग धड नसतं. आम्ही जानेवारीत ऊन खायला म्हणून गेलो आणि रात्री घरात जॅकेट घालून जेवलो. शून्य अंशाच्या व्हिएन्नात मी घरात टीशर्टवर असतो.

खिडकीतली_सीट

हे खरंय, बुकिंग करताना हीटिंग आहे का ते विचारून घ्यायचं. आणि रात्रीचं जेवण! ८ च्या आधी बऱ्याच हॉटेलांची किचन उघडतच नाहीत, तोवर मूल टेबलावर डोकं टेकून झोपलेलं.

आजोबा_६८

आमच्या वेळी युरोप म्हणजे टूर कंपनीची बस, थेपले आणि ४५ मिनिटांत लूव्हर. तुम्ही मुलं इतका विचार करून जाता याचं कौतुक वाटतं. एक शंका, नातीला घेऊन जाताना आजीआजोबांना नेलं तर बजेट बिघडतं हे मान्य, पण संध्याकाळी दोघांना जरा एकटं फिरता येतं.

बाराभानगडी

आजोबा, अर्ज थेट पिंपळपानताईंकडे पाठवा, इथे नको :)

तिकीटखिडकी

सगळे फिरण्याबद्दल बोलताय, कोणी तारखा बघितल्या का?

मुलगी २८ डिसेंबरला दोन वर्षांची होते. विमानात मांडीवरच्या बाळाचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के असतं, पण ते दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतच. तुम्ही परत येणार ३ जानेवारीला. तेव्हा ती ६ दिवसांनी मोठी. म्हणजे परतीला स्वतंत्र सीट, आणि बऱ्याच कंपन्या अशा वेळी जाता-येता दोन्हीकडे मुलाचं पूर्ण तिकीट काढायला लावतात. ते पण ख्रिसमसच्या भाड्याने. तुमचे ४० एक हजार इथेच जातील.

त्यातून २० डिसेंबर ते ३ जानेवारी हा वर्षातला सगळ्यात महाग पंधरवडा. हॉटेलं दुप्पट, २५-२६ ला दुकानं बंद, आणि जर्मनीतली बरीचशी मार्केटं २३-२४ लाच गुंडाळतात. व्हिएन्नाच्या राटहाउससमोरचं (म्हणजे नगरपालिकेसमोरचं) २६ पर्यंत चालतं. म्हणजे पैसे सगळ्यात जास्त आणि मार्केट बघायला उरतात चार दिवस. हेच १ ते १५ डिसेंबर केलं तर मार्केट पूर्ण भरात, भाडं कमी, मुलगी मांडीवर.

पिंपळपान

अरे देवा. हे डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला "आधी सांगायचं ना." जणू मी लपवून ठेवलं होतं.

रजेचं बघतो.

गवती_चहा

@तिकीटखिडकी बरोबर आहे, पण मांडीवरच्या तिकिटाचा मोह पण जपून. बॅसिनेटला, म्हणजे विमानातल्या बाळाच्या पाळण्याला, वजनाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०-११ किलो असते, दोन वर्षांचं मूल त्यात मावत नाही. म्हणजे १२ किलोचा जिवंत मासा ८-९ तास मांडीवर. परवडत असेल तर सीट घ्याच.

तिकीटखिडकी

परवडत असेल तर बिझनेस क्लास पण छान असतो.

डॉ_मऊभात

बालरोगतज्ज्ञ आहे म्हणून दोन ओळी. जायच्या आठवडाभर आधी मुलीला तुमच्या डॉक्टरांना दाखवा, कान तपासून घ्या. तापाचं औषध तिच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या, सलाईनचे नाकाचे थेंब, ओआरएस, आणि प्रिस्क्रिप्शन सोबत. विमान उतरताना काहीतरी गिळायला द्या, पाणी, दूध, काहीही. हीटरने खोलीतली हवा कोरडी होते, रात्री नाक चोंदतं, रेडिएटरवर ओला टॉवेल टाकून ठेवा. गाडीच्या कार सीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बसवू नका, पट्टा सैल राहतो, जॅकेट काढून पट्टा लावा आणि वरून पांघरूण. आणीबाणीला ११२.

बाकी नुसत्या थंड हवेने सर्दी होत नाही, विषाणूने होते. हे मी स्वतःच्या आईला ३० वर्षं सांगतोय.

सांजवात

व्हिसाचं लिहिते, गेल्याच वर्षी केलंय. ज्या देशात जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथे आधी शिरणार तिथे. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५, ६ खाली फी नाही. पण सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, तो लेकराचाही भरावा लागला. लेकराचा वेगळा फॉर्म, वेगळा पासपोर्ट, जन्मदाखला. १२ खालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा आजच अपॉइंटमेंट बघा, आम्हाला स्लॉटसाठी ३ आठवडे रोज रात्री १२ ला जागून रिफ्रेश मारत बसावं लागलं होतं.

आणि फोटो! आमच्या ठोंब्याने फोटो स्टुडिओत तासभर डोळे मिटून घेतले होते. शेवटी फोटोवाल्याने मोबाइलवर जेसीबीचा व्हिडिओ लावला.

पिंपळपान

खाण्याचं कोणी सांगा ना. चिऊ मऊभात, मेतकूट, तूप यावर जगते. मेतकूट नेते, आईने रवाळ तूप कढवून देते म्हटलंय, एक किलो नेऊ का?

न्यूर्नबर्गकर

तूप नेऊ नका! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. पेढे, खवा, पनीर, तूप सगळं त्यात आलं. बाळाची दूधपावडर आणि बाळाचं बंद डब्यातलं खाणं २ किलोपर्यंत चालतं. मेतकूट, भाजणी, नाचणीचं पीठ बिनधास्त आणा. गंमत म्हणजे ताज्या फळांत नारळ, केळं, खजूर, अननस आणि ड्युरियन चालतात, बाकीच्यांना सर्टिफिकेट लागतं. कढीपत्ता पण नको.

तुपाची काळजी करू नका, इथे सुपरमार्केटात बुटरश्माल्त्स नावाने मिळतं, लोणी कढवलेलंच असतं. मेतकूटभातावर घालून बघितलंय, आईला सांगू नका पण फरक कळत नाही.

आजोबा_६८

फरक कळतो.

ठाणे_लोकल

नारळ चालतो म्हणजे विमानतळावर उतरल्यावर फोडायची सोय झाली.

तिकीटखिडकी

ताई, रजेचं काय झालं? भाडी वाढायला लागतील.

पिंपळपान (१९ ऑगस्ट)

झालं! नवऱ्याने मॅनेजरला सांगितलं की शटडाऊनमध्ये सपोर्टला मी बसतो, बदल्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सुट्टी द्या. त्या पंधरवड्यात काम करायला कोणीच तयार नसतं, मॅनेजरने लगेच हो म्हटलं. २ डिसेंबरला निघतोय. व्हिएन्ना ६ रात्री, बुडापेस्ट ४. पॅरिस, स्वित्झर्लंड, प्राग, ॲम्स्टरडॅम सगळं उडालं. प्रागचं मला फार वाईट वाटतंय, कडूलिंबदादा म्हणतात तसं ५ वर्षांनी.

जाताना व्हिएन्ना, परत बुडापेस्टहून, म्हणजे उलटं यायला नको. सीट घेतली नाही, मांडीवरच. गवतीताई रागावू नका.

कडूलिंब

मी ताई आहे.

पिंपळपान

अय्यो सॉरी!!

पिंपळपान (१७ डिसेंबर)

धागा वर काढतेय. आलो परत. धडधाकट.

आधी हिशोब, कारण बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारतायत. विमान तिघांचं १,१२,०००. व्हिसा आणि विमा २७,०००. राहणं १० रात्री ८६,०००, दोन्हीकडे स्वयंपाकघरवालं अपार्टमेंट. ट्रेन आणि शहरातली वाहतूक १९,०००. खाणं ४४,०००. गरम कपडे आणि तो फुटमफ १७,०००. प्राणिसंग्रहालय, म्युझियम वगैरे १४,०००. एकूण ३,१९,०००. युरो शंभरीच्या वर असताना. उरलेल्यात सासूबाईंना महाबळेश्वरला पाठवतोय, खरंच.

गवती_चहा, तुम्ही जिंकलात. सीट घ्यायला हवी होती. जाताना झोपली, येताना ६ तास माझ्या मांडीवर उभी राहून मागच्या रांगेतल्या काकांशी पापड पापड खेळली, काका फार सज्जन, पण माझ्या मांड्या अजून दुखतायत. एवढी एकच काटकसर पस्तावले.

अडीचचं पण अगदी खरं. पहिल्या रात्री २.४० ला उठून "भूभू कुथे" म्हणाली. आम्ही लढायचं नाही असं ठरवलं, दिवा लावला, मऊभात शिजवला, तिघं पहाटे ३ ला मेतकूटभात जेवलो. बुटरश्माल्त्सवर. (आजोबा, थोडा फरक कळतो.) मग संध्याकाळी ६ ला ती गुडुप. चौथ्या दिवशी गाडी रुळावर.

थंडीचा काही त्रास नाही. तिला नाही, मला झाला. ती फुटमफमध्ये पुरणपोळीसारखी, फक्त नाक बाहेर. हातमोजे मात्र दर पाच मिनिटांनी काढून फेकायची. एक हरवला, दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाताना बघतो तर कोणीतरी कुंपणाच्या टोकावर व्यवस्थित चढवून ठेवलेला, जणू कुंपणच हात वर करून उभं आहे.

निसर्गविज्ञान म्युझियममध्ये हलणारा डायनासोर आहे, त्याला बघून नवऱ्याच्या जॅकेटमध्ये शिरली ती बाहेरच येईना, पण बाहेर पडल्यावर दिवसभर "पुन्ना". बुडापेस्टला दोन नंबरची ट्राम डॅन्यूबच्या काठाने पार्लमेंटपर्यंत जाते, एका तिकिटात संध्याकाळचं सगळं बुडापेस्ट दिसतं. मात्र त्या ट्रामला पायऱ्या आहेत, बाबागाडी उचलून चढवावी लागते, दर वेळी कोणीतरी न विचारता पुढचं चाक धरलं. तिथली १८९६ ची जुनी मेट्रो पण नुसती पायऱ्याच. व्हिएन्नात हा प्रश्नच आला नाही.

व्हिएन्ना ते बुडापेस्ट ट्रेनने पावणेतीन तास, तिचं तिकीट नाही.

आणि आता मुख्य. व्हिएन्नात कार्ल्सप्लाट्झचं मार्केट आहे, मोठ्या चर्चसमोर. तिथलं कारंज्याचं तळं हिवाळ्यात रिकामं करून त्यात पेंढा भरतात, मुलांना खेळायला. आम्ही अर्ध्या तासासाठी गेलो होतो. चिऊ त्या पेंढ्यात शिरली आणि दोन तास बाहेर आली नाही. लोळली, पेंढा डोक्यावर उधळला, एका ऑस्ट्रियन पोराच्या टोपीत भरला, त्याने हिच्या बुटात भरला. भाषेचा एक शब्द नाही. आम्ही बाजूला कागदाच्या पुडीतले भाजलेले बटाटे खात उभे. दुसऱ्या दिवशी शोनब्रुनचा राजवाडा होता, ती "पेंदा" म्हणून भोकाड पसरून बसली. तिसऱ्या दिवशी परत पेंढा. सहा दिवसांत तीनदा. राजवाडा राहिला.

सासऱ्यांना व्हिडिओ पाठवला. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घरी चार म्हशी. त्यांचा फोन आला, "तीन लाख घालून पोरीला पेंढ्यात लोळवायला गेलात? आपल्या गोठ्यात काय कमी होतं?"

बाराभानगडी

सासरे ऑफ द इयर.

कडूलिंब

गोठ्यात कारंजं नाही म्हणून सांगा त्यांना. छान लिहिलंय. क्राम्पुस दिसला का?

पिंपळपान

लांबून. ती झोपली होती. नवरा घाबरला.

रिंगरस्ता_व्हिएन्ना

कार्ल्सप्लाट्झला मी पण होतो त्या शनिवारी! तो टोपीवाला माझा धाकटा तर नव्हे? निळी टोपी, वर गोंडा?

पिंपळपान

पिवळी होती. पण बुटातला पेंढा अजून निघतोय, काल वॉशिंग मशीनमध्ये सापडला.

फिरता_पंखा

आम्ही फेब्रुवारीत निघतोय. तो फुटमफ विकणार का? पुण्यातच आहे, कोथरूडला येऊन घेऊन जाईन.

पिंपळपान

व्यनि करा. मापाचा फोटो टाकते, धुवून देते, पेंढ्याची हमी नाही.